सुपरमॅनची पहिली तेरा पानं आणि १३० डॉलरचा चेक



ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत खिशातून इअरफोन काढायलाही जागा नसते, त्यांच्यासाठी हा आपल्या ताज्या भागाचा मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त दर वाक्यात येणारं 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' तेवढं कापलंय.

सुरुवातीला एक प्रश्न. गूगल करायचं नाही. सुपरमॅननं पहिल्यांदा नीट धरून कुणाला चोपलं असेल? लेक्स लूथर? चूक, तो १९४० साली आला. परग्रहावरचा कुणी राक्षस? तोही नाही. एखादा वेडा शास्त्रज्ञ? नाही.

उत्तर आहे, बायकोला मारहाण करणारा एक साधा नवरा.

हो, खरंच. भाड्याच्या घरात राहणारा, नाव नसलेला एक माणूस. सुपरमॅन त्याला उचलून भिंतीवर आपटतो. नवरा चाकू काढतो, त्याचं पातं सुपरमॅनच्या अंगावर मोडतं आणि तो जागीच बेशुद्ध पडतो. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या पहिल्याच गोष्टीत हे आहे.

मला हे माहीतच नव्हतं. आपण सगळ्यांनी सुपरमॅन पाहिला तो सिनेमात आणि कार्टूनमध्ये. शहरं कोसळतायत, आकाशातून यानं येतायत, तो इमारतीतून आरपार जातोय. म्हणून ठरवलं की मुळाशी जाऊन वाचू. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स', अंक पहिला, जून १९३८.

अंक हातात येतो तेव्हा

मूळ अंक आपल्यापैकी कुणाच्या हातात येईल ही आशा सोडा. तेव्हा किंमत होती दहा सेंट. एप्रिल २०२४ मध्ये त्याची एक जपून ठेवलेली प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. पण पुनर्मुद्रणं आहेत. १९७४ साली डीसी कॉमिक्सनं मोठ्या आकारात एक काढलं होतं, नंतरही निघाली, आणि ही गोष्ट आता डिजिटल स्वरूपातही मिळते. मी टॅबवर वाचली. वाचायला वीस मिनिटं लागली आणि पुढचे दोन आठवडे डोक्यातून गेली नाही.

अंकावर तारीख जूनची असली तरी तो बाजारात आला एप्रिल १९३८ मध्ये. पानं चौसष्ट. आणि गंमत म्हणजे हा अंक 'सुपरमॅनचा' नव्हताच. त्यात काऊबॉय होता, जादूगार झटारा होता, मार्को पोलो होता, खेळाडूची गोष्ट होती. दिवाळी अंकात कसं, कथा, व्यंगचित्रं, राशिभविष्य सगळं एकत्र असतं, तसा प्रकार. त्यातली पहिली तेरा पानं सुपरमॅनची.

मुखपृष्ठ मात्र त्याचं. ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल, टी-शर्टवर तरी. सुपरमॅननं एक हिरवी गाडी डोक्यावर उचलून खडकावर आपटली आहे, चाक निखळून उडालंय, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून आपल्याकडे पळत येतोय. प्रकाशकांना हे चित्र फार पटलं नव्हतं असं सांगतात. पुढच्या पाच अंकांच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन नाहीच. तो परत आला सातव्या अंकावर, विक्रीचे आकडे बोलायला लागल्यावर.

जे माहीत आहे, ते यात नाही

आता वाचायला बसलात तर पहिल्या पानावरच गडबडाल. कारण आपल्याला पाठ असलेल्या निम्म्या गोष्टी इथे नाहीतच.

तो उडत नाही. उडी मारतो. साधारण २०० मीटर लांब, वीस मजली इमारत ओलांडेल इतकी उंच. आगगाडीपेक्षा जोरात पळतो. बंदुकीची गोळी लागत नाही, पण तोफगोळा फुटला तर जखम होऊ शकते. डोळ्यांतून किरण वगैरे काही नाही.

त्याच्या ग्रहाला नावच नाही. 'क्रिप्टॉन' हे नाव आलं १९३९ च्या जानेवारीत, वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत. इथे फक्त एवढंच आहे की एक ग्रह म्हातारा होऊन नष्ट झाला आणि एका शास्त्रज्ञानं आपलं तान्हं बाळ यानात घालून पृथ्वीकडे पाठवलं. इथे प्रेमळ केंट आईबाबाही नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारवाल्याला बाळ सापडतं आणि तो ते अनाथाश्रमात देतो. विषय संपला! क्लार्क केंट ज्या पेपरात काम करतो, तो 'डेली प्लॅनेट' नसून 'डेली स्टार' आहे.

आणि हा इतका ताकदवान कसा, याचं स्पष्टीकरण वाचून मला शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं उचलते की नाही? नाकतोडा स्वतःच्या आकाराच्या मानानं केवढी उडी मारतो? मग या ग्रहावरचे लोक तसे असतील तर बिघडलं कुठे! एवढंच. पण दहा वर्षांच्या पोराला पटायला तेवढं पुरतं.

गोष्ट मधूनच सुरू होते

उगमाची कथा एका पानात संपते आणि दुसऱ्या पानावर आपण थेट धावत्या गोष्टीत पडतो. सुपरमॅन रात्रीच्या अंधारात उड्या मारत चाललाय, त्याच्या काखेत हातपाय बांधलेली एक बाई आहे. ती कोण? तिनं काय केलं? काही सांगत नाहीत. मला आधी वाटलं की माझ्या फाइलमधलं एखादं पान गळालंय.

पान गळालं नव्हतं, मुद्दाम कापलं होतं. ही गोष्ट मुळात मासिकासाठी काढलेलीच नव्हती. ती वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या चित्रपट्टीसाठी तयार केली होती आणि बऱ्याच ठिकाणांहून 'नको' म्हणून परत आली होती. प्रकाशकाला अचानक अंक भरायचा होता, तेव्हा त्याच पट्ट्यांतली चित्रं कात्रीनं कापून पानांवर चिकटवली गेली. सुरुवातीचा भाग जागेअभावी गेला. तो पुढे १९३९ साली 'सुपरमॅन' नावाच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात छापला, तेव्हा कुठे वाचकांना कळलं की ही बाई कोण.

ती खरी खुनी असते. आणि तिनं केलेल्या खुनासाठी एव्हलिन करी नावाच्या दुसऱ्याच एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीत बसवणार असतात. त्याच रात्री. काही मिनिटांत.

सुपरमॅन बांधलेल्या बाईला राज्यपालांच्या हिरवळीवर सोडतो आणि त्यांच्या घरात घुसतो. नोकर अडवतो तर त्याला उचलून घेतो. झोपायच्या खोलीचं पोलादी दार उखडून टाकतो. मला वाटलं, आता हा तुरुंगाच्या भिंती फोडून एव्हलिनला बाहेर काढणार. ताकद आहे, वेळ नाही, दुसरं काय करणार?

पण तो तसं करत नाही. तो राज्यपालांपुढे एक कागद धरतो. खऱ्या खुनी बाईचा सही केलेला कबुलीजबाब.

राज्यपाल कागद वाचतात, तुरुंगात फोन लावतात, शिक्षा थांबते.

इथे मी जरा थांबलो. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि शेवटी जीव वाचतो तो सही केलेल्या एका कागदामुळे. त्याची सगळी ताकद तो कागद वेळेत पोहोचवण्यापुरतीच. हा कागद लक्षात ठेवा हं, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

बाकीच्या पानांत काय आहे

यानंतर तो मारकुटा नवरा. मग क्लार्क केंट लोइस लेनला कसंबसं बाहेर जेवायला नेतो. तिथे बुच नावाचा एक गुंड लोइसला आपल्यासोबत नाचायला लावू पाहतो. क्लार्क भित्रेपणाचं नाटक करतो. आणि लोइस? ती स्वतः त्या गुंडाच्या कानाखाली वाजवते आणि क्लार्कला 'तू भित्रा आहेस' असं सुनावून निघून जाते. १९३८ सालची बाई आहे बरं का! पुढे गुंड तिला पळवतात, सुपरमॅन त्यांची गाडी धरून सगळ्यांना गदागदा हलवून बाहेर पाडतो आणि गाडी आपटतो. तेच मुखपृष्ठ. बुचला तो टेलिफोनच्या खांबावर टांगून ठेवतो.

शेवटचा भाग सगळ्यात भारी. संपादक क्लार्कला दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात युद्धाची बातमी करायला पाठवतात. क्लार्क गाडीत बसतो, पण जातो वॉशिंग्टनला, थेट संसदेत. तिथे त्याला दिसतं की एक सिनेटर एका लॉबिइस्टशी, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या हितासाठी पुढाऱ्यांना पटवणाऱ्या दलालाशी, गुपचूप बोलतोय. एक विधेयक असं झटपट मंजूर करून घ्यायचंय की त्याचा अर्थ लोकांच्या ध्यानात येण्याआधीच देश युरोपच्या युद्धात ओढला जाईल.

सुपरमॅन त्या दलालाला उचलतो आणि टेलिफोनच्या तारांवरून पळत सुटतो. दलाल घाबरून किंचाळतोय की शॉक लागेल. सुपरमॅन त्याला शांतपणे समजावतो की तारेवर पक्षी बसतात, त्यांना कुठे काय होतं, खांबाला हात लागला तर मात्र गडबड! आणि गोष्ट तिथेच अर्धवट सोडून 'पुढील अंकी'.

पुढच्या अंकात कळतं की या सगळ्यामागे शस्त्रं बनवणारा एक कारखानदार आहे. सुपरमॅन त्याला ठार मारत नाही. त्यानंच पेटवलेल्या युद्धात त्याला सैनिक म्हणून भरती व्हायला लावतो. तिसऱ्या अंकात एक खाणमालक आहे, ज्याच्या खाणीत सुरक्षेच्या नावानं शून्य. सुपरमॅन त्याला आणि त्याच्या पार्टीतल्या श्रीमंत पाहुण्यांना त्याच खाणीत अडकवतो. मदतीची घंटा बंद, हत्यारं मोडकी. मग मालकाला कळतं की कामगार रोज कशात उतरतात.

बघा ना, बायकोला मारणारा नवरा, पुढारी, दलाल, शस्त्रांचा व्यापारी, खाणमालक. यातला एकही परग्रहावरचा नाही. हे सगळे आपल्याच ग्रहावर राहतात, आणि यांतल्या बहुतेकांचं कायदा सहसा काही वाकडं करू शकत नाही.

असा हिरो त्याच वेळी का सुचला?

अमेरिका तेव्हा महामंदीतून जात होती. कारखाने बंद, माणसं रस्त्यावर. १९३४ ते १९३६ या काळात सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीनं चौकशी केली होती की पहिल्या महायुद्धात शस्त्रं विकणाऱ्या कंपन्यांनी किती नफा कमावला. रोज पेपरात ते छापून यायचं. म्हणजे सिनेटर, दलाल आणि शस्त्रांचा व्यापारी हे त्रिकूट पोरांनी हवेतून काढलेलं नव्हतं. त्यांनी फक्त पेपर वाचला होता आणि मनात म्हटलं असेल, यांना कुणीतरी धरून तारेवर पळवायला पाहिजे.

ही पोरं कोण? लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर. दोघांचा जन्म १९१४ चा, दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. जेरी क्लीव्हलँडचा, जो मूळचा कॅनडातल्या टोरोंटोचा. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची दोस्ती जमली. दोघंही लाजरे, चष्मिस, विज्ञानकथांच्या नादी लागलेले. ओळखीचं वाटतंय ना? क्लार्क केंट कुठून आला ते कळलं असेल.

१९३२ साली जेरीच्या वडिलांच्या कपड्याच्या दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील कोसळून गेले. गोळी न लागणारा, चोरांना धरणारा माणूस या मुलाच्या डोक्यात का आला असेल, हे मी सांगायला नको. जेरीनं स्वतः याबद्दल उघडपणे काही सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही, त्यामुळे हा माझा तर्क समजा.

१९३३ साली दोघांनी स्वतःच छापलेल्या एका छोट्या पत्रिकेत 'सुपरमॅन' नाव पहिल्यांदा वापरलं, पण तो खलनायक होता, टकला! मग त्यांनी त्याला नायक केला आणि वर्षानुवर्षं दारोदार फिरवला. नकार, नकार, नकार.

दुसरा कागद

आता तो कागद आठवा.

मार्च १९३८. प्रकाशकाकडून होकार आला. तेरा पानं, पानामागे दहा डॉलर. एकूण १३० डॉलर. त्याच चेकमध्ये दुसऱ्या कामांचेही पैसे होते, सगळे मिळून ४१२ डॉलर. चेकवर दोघांच्या नावांची स्पेलिंगसुद्धा चुकलेली. आणि सोबत एक कागद. त्यावर सही करायची होती, आणि अर्थ असा होता की सुपरमॅनचे सगळे हक्क कायमचे प्रकाशकाचे.

दोघं तेव्हा तेवीस वर्षांचे. इतक्या वर्षांनी कुणीतरी 'हो' म्हटलंय. त्यांनी सही केली.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मी सही केली असती. केलीच आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात एका छोट्या व्यावसायिकासाठी मी एक मॅस्कॉट काढलं होतं, हसणारा गोल चेहरा. दोन हजार रुपये रोख मिळाले आणि एका छापील कागदावर सही घेतली. मी तो वाचला नाही, घाईत होतो आणि खूशही होतो. दोन वर्षांनी तोच चेहरा मला टेम्पोच्या मागे, पाकिटांवर, कॅलेंडरवर दिसायला लागला. रकमेचा हिशेब सोडा. 'हे मी काढलंय' असं मित्राला सांगितल्यावर तो हसला, ते जास्त लागलं.

असो. माझं नुकसान ते केवढं! सीगल आणि शुस्टरचं ऐका.

सुरुवातीची काही वर्षं त्यांनी बरे पैसे कमावले, हे आधी सांगायला हवं. पानामागे दर मिळत होता, वर्तमानपत्रातली पट्टीही चालू होती. पण १९४० ला रेडिओ मालिका आली, १९४१ ला कार्टूनपट आले, खेळणी आली, कपडे आले. खरा पैसा तिथे होता आणि तो यांचा नव्हता. १९४७ साली ते कोर्टात गेले. १९४८ साली तडजोड झाली, सुमारे ९४ हजार डॉलर मिळाले, त्यातला मोठा वाटा वकिलांकडे गेला असं सांगतात. हातचं कामही गेलं, आणि सुपरमॅनच्या अंकांवरून त्यांची नावंसुद्धा निघाली.

नंतर पुन्हा एक खटला. १९७४ साली तोही हरले.

१९७५ साल उजाडलं तेव्हा सुपरमॅनवर मोठ्या खर्चाचा सिनेमा काढायची तयारी चालू होती. जेरी लॉस एंजेलिसमध्ये टायपिंग करणारा कारकून होता. जोची दृष्टी जवळपास गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता. जेरीनं वैतागून वर्तमानपत्रांना लांबलचक पत्र पाठवलं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे नावाजलेले चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले, टीव्हीवर आणि पेपरात आवाज उठवला. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीनं मान्य केलं की दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर मिळतील, आणि सुपरमॅन जिथे येईल तिथे त्यांचं नाव निर्माते म्हणून येईल.

१९७८ च्या सिनेमात ते नाव पडद्यावर आलं. चाळीस वर्षांनी.

जो १९९२ मध्ये गेले, जेरी १९९६ मध्ये. वारसांनी लढाई चालूच ठेवली. २००८ साली कोर्टानं मान्य केलं की या पहिल्या गोष्टीच्या अमेरिकेतल्या हक्काचा जेरीचा वाटा त्यांच्या कुटुंबाकडे परत आला आहे. पण २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की २००१ साली तुमच्या वकिलानं एका पत्रात कंपनीचा प्रस्ताव मान्य केला होता, म्हणजे करार झालाच. पुन्हा एक कागद!

आणि तो १३० डॉलरचा चेक? २०१२ साली लिलावात विकला गेला, एक लाख साठ हजार डॉलरला. दोघांना सुपरमॅनसाठी जे मिळालं होतं, त्याच्या हजारपटीहून जास्त किंमत त्या कागदाच्या कपट्याला आली.

मग सुपरमॅनचं काय झालं?

पहिल्या काही अंकांनंतर हळूहळू त्याचे शत्रू बदलले. वेडे शास्त्रज्ञ आले, राक्षस आले, मग युद्ध आलं. संपादकांनी नियम घातले की त्यानं कुणाचा जीव घ्यायचा नाही, फार दांडगाई करायची नाही. खाणमालक आणि दलाल मागे पडले. माझं मत सांगतो, तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. ज्या हिरोच्या नावावर खेळणी आणि पाव विकायचे असतात, त्याला कारखानदाराला खाणीत कोंडायला पाठवत नाहीत.

पण जुनं ते सगळंच सोनं असंही मी म्हणणार नाही. पहिल्या सुपरमॅनला कुणाला विचारावं लागत नाही, हीसुद्धा अडचण आहे. आठव्या अंकात तो ठरवतो की मुलं गुन्हेगार होतात ती गलिच्छ वस्तीमुळे. मग रहिवाशांना बाहेर काढून तो अख्खी वस्ती पाडून टाकतो, म्हणजे सरकारला नवीन घरं बांधावीच लागतील. गोष्टीत घरं मिळतात. पण आपल्याकडे ज्यानं पाडकाम जवळून पाहिलंय, तो हे पान वाचून टाळ्या वाजवेल का? घर आधी पडतं, नवं घर कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नाही. ताकदवान माणूस आपल्या बाजूचा आहे म्हणून त्याला मोकळं सोडायचं का, हा प्रश्न या कॉमिकमध्ये सुपरमॅन स्वतः विचारत नाही. तो आपण विचारायचा.

म्हणूनच मला राज्यपालांच्या घरातलं ते दृश्य सगळ्यात आवडतं. तिथे दार तोडूनही तो शेवटी पुरावा पुढे ठेवतो आणि फोन दुसऱ्याला करायला लावतो.

आपल्या कामाचं

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण काही ना काही बनवता. कुणी रील, कुणी चित्रं, कुणी बीट्स, कुणी स्क्रिप्ट. मी वकील नाही, पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

एक, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. तोंडी 'घेऊन टाक रे' म्हटल्यानं हक्क जात नाहीत.

दोन, किती वर्षांसाठी हे कागदात लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा, का?

तीन, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं होतं. कामाला लागतानाच्या कागदात काय लिहिलंय ते पाहा.

चार, आणि ही जेरी आणि जोला तेव्हा मिळाली असती तर फार बरं झालं असतं. हक्क विकले तरी 'हे मी केलंय' असं सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो.

मोठा करार असेल तर वकिलाला दाखवा. छोटा असेल तर निदान स्वतः पूर्ण वाचा. फोटो काढून ठेवा. एक रात्र थांबा. समोरचा एक रात्रही थांबायला तयार नसेल, तर तेच तुमचं उत्तर समजा.

जाता जाता

अमेरिकेत हा पहिला अंक १ जानेवारी २०३४ रोजी सगळ्यांसाठी खुला होणार आहे. पंच्याण्णव वर्षांची मुदत तेव्हा संपते. मग तिथे कुणीही ही तेरा पानं छापू शकेल, त्यातल्या उड्या मारणाऱ्या, ग्रहाचं नाव ठाऊक नसलेल्या सुपरमॅनवर नवी गोष्ट लिहू शकेल. बाकीची नंतरची भर मात्र तेव्हाही बंद असेल.

तोवर वाट बघू नका. वीस मिनिटं काढा आणि वाचा. चित्रं आजच्या मानानं ओबडधोबड आहेत, गोष्ट मधूनच सुरू होते आणि मधेच तुटते. पण त्या रेघांत दोन पोरांचा राग आहे, आणि तो खरा आहे. त्यांनी दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहणारा माणूस काढला, आणि त्यांच्याच बाजूनं उभं राहायला कुणी यायला सदतीस वर्षं लागली. आलं तेव्हाही कुणी उडत आलं नाही. त्यांच्याच धंद्यातले लोक आले, फोन फिरवत आणि पत्रं लिहीत.

तुमच्याकडून कधी न वाचता सही झालीय का? किंवा उलट, वाचलं म्हणून वाचलात असं झालंय? व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, आणि सही करण्याआधी खालचा बारीक अक्षरातला मजकूर मोठा करून वाचा. बोटांनी झूम करता येतं आता, जेरी आणि जोला ती सोय नव्हती!